मंडालेचा मुक्काम

प्रत्येक शाळेत एक हुशार मुलगा असतो, एक व्रात्य असतो, एक परीक्षेच्या सुमारास हटकून आजारी पडणारा असतो आणि एक वक्ता असतो. पहिले तिघे जन्मास येतानाच तसे येतात. वक्त्याची मात्र नेमणूक होते. एखाद्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ‘उद्या कोण बोलणार?’ हा प्रश्न कानी पडताच सगळा वर्ग एकाएकी माना खाली घालून पाटीवर काहीतरी खरडू लागला असता, ज्या अभाग्याची पेन्सिल नेमकी त्याच दिवशी हरवलेली असते त्याच्यावर गुरुजींची दृष्टी पडते, आणि त्या क्षणापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही होईपर्यंत वक्तृत्व हे त्या मुलाचे वतन होऊन बसते. पुढे कोणाची जयंती असो, पुण्यतिथी असो, तपासनीस साहेबांची स्वारी यावयाची असो की शिपाई सेवानिवृत्त होत असो, बोलावयाचे त्यानेच.

महाराष्ट्राला सभेचे वेड जुने आहे. ज्या मुलखात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि भर उन्हाळ्यात माणसे उपरण्याने वारा घेत परलोकापासून परराष्ट्रापर्यंत वाटेल त्या विषयावरील व्याख्याने ऐकू लागली; जेथे 1893 नंतर प्रत्यक्ष गणपतीसही देवघरातून मांडवात येऊन वक्त्यांच्या तावडीत दहा दिवस बसणे भाग पडले; जेथे शिवरामपंत परांजप्यांच्या वक्रोक्तींची आठवण म्हातारी माणसे मिटक्या मारीत काढीत आणि आचार्य अत्र्यांच्या सभेहून परतलेला मनुष्य दोन दिवस घरातही चढ्या आवाजात बोले, तेथे आपल्या पोटी एक तरी वक्ता निपजावा, असे प्रत्येक बापास वाटले तर नवल नाही. चमत्कार एवढाच की, ज्या मुलास घरात ‘मोठी माणसे बोलत असता मध्ये तोंड घालू नये’ म्हणून दिवसातून चारदा दटावले जाते, त्याच मुलाने चारशे मोठ्या माणसांसमोर तोंड उघडावे, अशी त्याच घरची अपेक्षा असते.

या जातीचा जो नमुना मला अगदी जवळून न्याहाळावयास मिळाला, तो आमच्या तालुक्याच्या गावचा. अंगाने किडकिडीत, गळ्याची घाटी पुढे आलेली, केसांवर इतके खोबरेल की भाषण रंगात आले म्हणजे ते कपाळावरून भुवईपर्यंत ओघळावे. त्याला दोन आवाज होते. एक आईजवळ पोळी मागण्याचा, तो जेमतेम स्वयंपाकघरापर्यंत पोचे. दुसरा व्यासपीठाचा, तो मात्र ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ या मंगलाचरणातील पहिल्याच अक्षरावर असा काही उसळे की, आरंभीची दोन वर्षे अध्यक्ष महाशय प्रत्येक वेळी दचकत. पुढे त्यांनाही सवय झाली.

परंतु वक्ता म्हणजे केवळ कंठ. मजकूर कोणाचा, हा प्रश्न शाळेत कधी विचारला जात नाही, आणि विचारलाच तर त्याचे उत्तर घरोघर निराळे मिळेल. कोठे वडील भाषण लिहून देतात, कोठे थोरली बहीण, कोठे शेजारच्या वाड्यातील पेन्शनर. आमच्या वक्त्याचे भाषण त्याचे मामा लिहीत. हे मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. आपल्या हातून गेलेला कोणताही कागद आजवर शेरा मारून परत आलेला नाही, हा त्यांच्या आयुष्यातील एकमेव अहंकार असल्यामुळे, भाच्याच्या भाषणाचा मसुदाही ते जमाबंदीच्या दप्तरास शोभेल अशा वळणाने, समास सोडून आणि परिच्छेदांस अनुक्रमांक घालून तयार करीत. लोकमान्यांच्या शेंगांची गोष्ट महाराष्ट्रातील कोणत्या मुलास ठाऊक नाही? पण मामांच्या लेखणीतून ती उतरली म्हणजे तिला एखाद्या चौकशीचे गांभीर्य प्राप्त होई. ‘वर्गात टरफले आढळून आल्यावरून गुरुजींनी समस्त विद्यार्थ्यांस ती उचलण्याविषयी फर्माविले असता, मजकूर बाळ याने, आपण सदरहू शेंगा भक्षण केलेल्या नाहीत, सबब टरफलांची जबाबदारी आपणावर येत नाही, असा जबाब दिला.’ हे वाक्य आमचा वक्ता एका दमात म्हणे, आणि ‘जबाब दिला’ या शब्दांवर सभागृहात टाळी पडली नाही असे एकदाही घडले नाही.

मसुद्याच्या समासात तांबड्या शाईने हावभावांचे हुकूम लिहिलेले असत: उजवा हात वर; मूठ; आवाज खाली; छातीवर हात; येथे टाळ्यांकरिता थांबावे. आठ दिवस आधीपासून ओसरीवर तालीम चाले. श्रोता म्हणून आजीस बसविण्यात येई आणि तिने जपाची माळ ओढता ओढता मध्येच ‘जेवलास का रे?’ असे विचारले म्हणजे सगळे भाषण पुन्हा मंगलाचरणापासून सुरू करावे लागे, कारण मध्येच तुटलेले भाषण मध्येच जोडण्याची कला पाठांतराला अवगत नसते. एवढे करूनही हातांची आणि शब्दांची गाठ पडत नसे. शब्द पुढे धावत आणि हात एका वाक्याने मागे राहत. त्यामुळे ‘विशाल अंतःकरण’ या शब्दांसाठी नेमून दिलेले पसरलेले बाहू ‘कारावास’ या शब्दाच्या वेळी पसरले जात, आणि ब्रह्मदेशातील तुरुंगाचे तो इतक्या प्रेमाने स्वागत करी की, परक्या गावचा परीक्षक असला तर तो क्षणभर बुचकळ्यात पडे.

1 ऑगस्ट हा या वक्त्यांचा पोळा. त्या दिवशी आंतरशालेय स्पर्धा असत आणि निरनिराळ्या शाळांचे वक्ते सजूनधजून एकाच सभागृहात आणले जात. प्रत्येकास पाच मिनिटे. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्याला अखेरची. आता लोकमान्यांचे चरित्र पाच मिनिटांत बसवावयाचे म्हणजे काय करावे लागते, हे ज्यांनी तीस-तीस स्पर्धक ओळीने ऐकले आहेत त्यांनाच ठाऊक. लोकमान्य 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीस जन्मले. परंतु टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातले असल्यामुळे जवळजवळ निम्मे स्पर्धक तो जन्म तिकडेच घडवून आणीत आणि परीक्षक दर वेळी पेन्सिलीने काहीतरी टिपून घेत. मग शेंगा. मग ‘संत’ हा शब्द तीन प्रकारांनी लिहिल्याची कथा, जिला वास्तविक फळा लागतो, पण हे वक्ते ती तोंडी निभावून नेत. न्यू इंग्लिश स्कूल, ‘केसरी’, गणेशोत्सव यांना मिळून अर्धे मिनिट. मग 1908 सालचा खटला, सहा वर्षांची शिक्षा, मंडालेचा तुरुंग, आणि नेमकी तेथेच घंटा! इतिहास सांगतो की, लोकमान्य 1914 च्या जूनमध्ये सुटून पुण्यास आले, त्यांनी होमरूल लीग काढली, 1916 साली लखनौचा करार घडविला, विलायतेची वारी केली आणि 1920 साली मुंबईच्या सरदारगृहात देह ठेवला. शालेय वक्तृत्वाला हा इतिहास मान्य नाही. तेथे मंडालेहून आजवर कोणीही सुटून आलेले नाही. ज्यांच्या पुण्यतिथीस्तव आपण जमलो त्या थोर पुरुषाला तुरुंगात ठेवून, ‘एवढे बोलून मी आपले दोन शब्द संपवतो’ असे म्हणत स्पर्धक भराभर खाली उतरतात.

आमचे मामा मुदतीचे पक्के असल्यामुळे त्यांनी ही गोष्ट आधीच हेरली होती. घड्याळ समोर ठेवून, प्रत्येक परिच्छेदास लागणारे सेकंद मांडून, त्यांनी मसुदाच मुळी मंडालेस संपविला होता. ‘पुढचा मजकूर बोलण्याचा प्रसंग उद्भवत नाही,’ असा त्यांचा अभिप्राय. त्यामुळे इतरांची भाषणे घंटेने तुटत, याचे मात्र घंटेबरोबर संपे, आणि ‘वेळेचे भान’ या सदराचे दहापैकी दहा गुण दर वर्षी त्यालाच मिळत. बक्षीस बहुधा ‘श्यामची आई’. त्यांच्या घरी तिच्या इतक्या प्रती जमल्या की, पुढे पुढे मौंजीच्या आहेरात त्या परत फिरू लागल्या.

तर अशा या विजयी वक्त्याची खरी परीक्षा वक्तृत्वस्पर्धेत न होता स्नेहसंमेलनात झाली.

शाळेचे स्नेहसंमेलन पाहिले नाही असा वाचक विरळा. तरी आमच्याकडील थाट थोडक्यात सांगतो. जानेवारीतली थंडी, बाके जोडून केलेला रंगमंच, कोणाच्या तरी घरच्या चादरी शिवून केलेला आणि म्हणूनच मध्यभागी कधीही न मिळणारा पडदा, ‘हॅलो, हॅलो’ एवढेच शब्द स्पष्ट उच्चारणारा ध्वनिक्षेपक, दीड तास उशिरा आलेले प्रमुख पाहुणे आणि आपण एकच मिनिट घेणार असे सांगून त्यांनी केलेले विवेचन. मागच्या बाजूस भुईमुगाच्या शेंगांची टोपली घेऊन एक बाई बसलेली असे आणि तिचा धंदा पाहुण्यांच्या भाषणात सर्वांत अधिक चाले. शेलापागोट्यांच्या कार्यक्रमात आमच्या वक्त्याच्या नावाने, ‘घंटा नसती तर हे घरी कसे गेले असते?’ अशी चिठ्ठी निघाली. सगळे हसले, तोही हसला. तो विनोद नसून भाकीत आहे, हे त्या घटकेस कोणाच्या ध्यानी आले नाही.

नंतर अफझलखानवधाचा प्रवेश होता. खान तयार होता. त्याच्या पोटावर उशीही बांधून झाली होती. परंतु शिवाजी महाराजांची दाढी चिकटेना. डिंक पातळ झाला होता म्हणतात. चित्रकलेचे मास्तर एका हाताने दाढी आणि दुसऱ्या हाताने महाराजांची मान धरून बसले होते, पडद्याबाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या आणि मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला होता. अशा आणीबाणीत शाळेला आपल्या वतनदाराची आठवण झाली. ‘जा, दाढी चिकटेपर्यंत काहीतरी बोल,’ असे म्हणून कोणीतरी त्याला पडद्याच्या फटीतून बाहेर लोटले.

काहीतरी म्हणजे काय, याचा खुलासा कोणी केला नव्हता आणि मामा पाचव्या रांगेत बसले होते. त्याने श्रोत्यांकडे पाहिले, खोबरेल पुसले आणि जानेवारी महिन्यात, संमेलनाच्या रात्री, ‘आज लोकमान्यांच्या पुण्यतिथीनिमित्त’ म्हणून प्रारंभ केला. पुण्यतिथीला सहा महिने होते याबद्दल कोणी हरकत घेतली नाही. पण सदरहू शेंगा आणि मजकूर टरफले यांचे प्रकरण निघताच सभेत निराळीच चुळबूळ झाली. कारण त्या घटकेस निम्म्या सभेच्या मांडीवर पुड्या होत्या आणि पायांखाली टरफलांचा खच पडला होता. कित्येकांचे तोंडाकडे चाललेले हात वाटेतच थांबले. जबाबदारीचे वाक्य संपले तोच, ज्याला दुसऱ्या दिवशी पहाटे ते सगळे मैदान झाडावयाचे होते तो शाळेचा शिपाई खांबाआडून ओरडला, ‘बरं बोलतंय पोरगं! ते टरफलांचं पुन्यांदा सांग रे, बाळा!’ त्या रात्रीची सर्वांत मोठी टाळी त्या वाक्याला पडली, आणि माझ्या मते ती योग्यच पडली. शेंगांची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली असेल, पण तिचा काही उपयोग होताना पाहिला तो तेवढाच.

वक्ता पुढे सरकला. संत झाला, ‘केसरी’ झाला, खटला झाला, शिक्षा झाली, मंडाले आले. तो थांबला. घंटेची वाट पाहू लागला. संमेलनात घंटा कोठली? त्याने एकदा आत पाहिले; मास्तरांनी दाढीवर फुंकर घालता घालताच, ‘चालू दे’ अशी खूण केली. मसुदा संपला होता, मामांनी मान खाली घातली होती आणि चारशे माणसांसमोर हा मुलगा जन्मात प्रथमच स्वतःच्या जबाबदारीवर उभा होता.

‘मंडालेस,’ तो म्हणाला, आणि हा आवाज व्यासपीठाचा नव्हता, पोळी मागण्याचा होता, ‘मंडालेस हिवाळा असतो. लोकमान्यांनी तो सोसला. नंतर उन्हाळा आला. मंडालेचा उन्हाळा फार कडक. तोही सोसला. नंतर पावसाळा आला.’ येथे तो विचारात पडला. ‘पावसाळ्यात त्यांना घरची आठवण येत असेल. कारण पावसाळ्यात गणपती असतात. मग पुन्हा हिवाळा आला.’ येणेप्रमाणे त्याने ऋतुचक्र फिरवावयास सुरुवात केली. कोणी हसले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तर पुढच्या रांगेतील दोन बायकांनी पदर डोळ्यांस लावला. त्याचे हात दोन्ही बाजूंस स्वस्थ लोंबत होते आणि ते एकाही वाक्याच्या मागे पडत नव्हते. 1910 सालचा पावसाळा संपून हिवाळा लागतो न लागतो तोच आतून ‘चिकटली!’ असा पुकारा झाला, पडदा दुभंगला आणि वक्त्यास दंडाला धरून आत ओढून घेण्यात आले. लोकमान्य पुन्हा राहिले ते राहिलेच.

खानाचा वध यथासांग पार पडला. मुख्याध्यापकांनी वक्त्याची पाठ थोपटली, शेंगावालीने त्यास फुकट पुडी दिली, आजीने घरी गेल्यावर मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मामा मात्र रात्रभर काही बोलले नाहीत. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी भाच्यास पुढ्यात बसविले.

‘मसुद्यात उन्हाळा होता काय रे?’

‘नव्हता, मामा.’

‘पावसाळा?’

‘तोही नव्हता.’

‘मग मंजुरीवाचून घातलास कसा?’

‘घंटाच झाली नाही, मामा.’

मामांनी हे कारण बराच वेळ मनाशी तपासले. ते गैरवाजवी ठरविता येण्यासारखे नाही, अशी खात्री पटल्यावर त्यांनी कचेरीतून खास आणविलेला ताव काढला, समास दुमडला आणि 1911 पासून 1914 च्या जूनअखेरपर्यंतचा पुरवणी मसुदा, ऋतुवार परिच्छेद पाडून, लिहावयास घेतला. आठवड्यात तो पुरा झाला. पुढील 1 ऑगस्टला वक्त्याने तोही मुखोद्गत केला होता, पण स्पर्धेचे नियम तेच राहिल्यामुळे घंटा मंडालेसच झाली आणि पुरवणी मूळ मसुद्याबरोबर टाचून, ‘प्रसंगपरत्वे उपयोगात आणावी’ असा शेरा मारून, मामांच्या दप्तरात जमा झाली.