गैरहजर पक्षाचे वकील

कतारगामात सकाळी साडेसातला दुकानात बसून गाठिया खाणारा माणूस दोनपैकी एक असतो. एक तर त्याला थोड्या वेळाने हिऱ्याच्या कारखान्यात पैलू पाडायच्या घंटीवर बसायचं असतं, नाहीतर त्याला दिवसभर कुठेच बसायचं नसतं. आप्पा दुसऱ्या वर्गातले. मूळचे अमळनेरकडचे. सुरत-भुसावळ लाइन धरून तरुणपणी इकडे आले, यंत्रमागाच्या कारखान्यात मास्तर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. सुरतेतला बाकीचा खानदेश लिंबायत, उधना, डिंडोली या अंगाला वसला. आप्पा मात्र सौराष्ट्रातल्या पटेलांच्या गर्दीत कतारगामातच राहिले. का, असं विचारलं तर म्हणतात, "तिकडे सगळे आपलेच. भांडायचं कोणाशी?"

दुकान जुनं आहे. हल्ली पिवळे दिवे लावून जुनं करतात तसं नव्हे, हे बदलायचंच राहून गेलंय. टेबलांचा सनमायका कोपरं घासून पांढरा पडलेला, भिंतीवर जलारामबापा, त्यांच्याखाली गेल्या वर्षीचं कॅलेंडर, आणि गल्ल्यावर भाई. दाराशीच कढई. कारागीर बेसनाचा लांबट गोळा पाटावर ठेवतो, तळहाताच्या टाचेने एका दमात पुढे रेटतो, पट्टी कागदासारखी पसरली की सुरीने खालून उचलून तेलात सोडतो. फाफडा तुटत नाही. आप्पा रोज तुटायची वाट बघतात. मग शंभर ग्रॅम वणेला गाठिया, कच्च्या पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या पुढे आल्या की पहिला घास घेऊन कामकाजाला सुरुवात होते.

आप्पांचा नियम एकच: जो समोर नाही त्याची बाजू घ्यायची. समोर भाई असतात, म्हणून सकाळचं वकीलपत्र खानदेशाचं. "भाई, गाठिया ठीक आहे, पण भरीत म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला कळायचं नाही. आमच्या जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली जीआय मिळालाय. सरकारी शिक्का!" भाई मान डोलावतात. "हा काका. मरचां आपुं?" आप्पा आणखी मिरच्या घेतात आणि पापडखार जास्त पडल्याची तक्रार नोंदवतात. शेजारच्या टेबलावरचे रत्नकलाकार गालातल्या गालात हसत चहा संपवतात. आप्पांना त्याचं काही नाही. वकिलाने न्यायालयाच्या मूडकडे बघायचं नसतं.

पण अमळनेरहून भाचा आला की आप्पा पक्ष बदलतात. तेच टेबल, तेच भाई, पण आता खानदेश समोर बसलेला, म्हणून अशील सुरत. भाच्यासाठी लोचो मागवला जातो. (दुकान काठियावाडी असलं तरी लोचोही ठेवतात; भाई धंद्यात कट्टर नाहीत.) भिजवलेल्या चणाडाळीचं वाटण खमणापेक्षा सैल वाफवतात, त्यामुळे त्याची वडी पडत नाही, उलथन्याने खरवडून ताटलीत टाकायचं, वरून तेल किंवा बटर, मसाला, शेव, कांदा, हिरवी चटणी.

"आप्पा, हे तर बिघडलेलं खमण आहे," भाचा म्हणतो.

"भो, तुझ्या गावात बिघडलेलं फेकतात. इथे त्याचा धंदा करतात."

थंडीत आलात तर सुटका नाही. उंधियूत घालायची ती कतारगामची पापडी, यावर स्वतंत्र व्याख्यान. त्या पापडीच्या शेतांवर इमारती आणि कारखाने उभे राहिले, नाव तेवढं भाजीबाजारात अजून भाव खातं. हे आप्पा अशा अभिमानाने सांगतात की जणू वेलांना पाणी त्यांनीच घातलं होतं.

एकदा भाच्याने हुकमाचं पान काढलं. "महाराजांनी सुरत दोनदा लुटली, माहीत आहे ना?" कोणताही मराठी माणूस इथे छाती फुगवतो. आप्पा शांतपणे म्हणाले, "माहीत आहे. 1664 ला एकदा, 1670 ला पुन्हा. सहा वर्षांत जे गाव पुन्हा लुटण्याजोगं होतं, त्याला नावं ठेवू नये." महाराजांचा मान राहिला, सुरतेची पत राहिली, आणि लोचोचे पैसे भाच्याने दिले.

ही वकिली सोयीची असती तर मी तिला नुसतं हसलो असतो. पण 1994 च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी उठली ती वेड रोडवरून, म्हणजे आप्पांच्या जवळपास शेजारातून. गाड्या भरभरून माणसं सुरत सोडून पळाली; आप्पाही गावी गेले. गावाने त्यांना ओसरीवर झोपवलं, ताट लांबून सरकवलं. अशा वेळी माणूस निदान गप्प बसतो. आप्पा ओसरीवरून ओरडून सांगत राहिले की सुरत वाईट नाही, पुराचं पाणी आणि कचरा वेळेवर काढला नाही एवढंच. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, त्यांनी शहर घासून काढलं, खाण्याच्या दुकानांनाही सोडलं नाही. तेव्हापासून अमळनेरच्या प्रत्येक लग्नात पंगतीला आप्पांकडून सुरतेच्या स्वच्छतेचा पाठ ऐकावा लागतो. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेचा पहिला नंबर आला, पण इंदूरसोबत वाटून. त्यावर आप्पा कितीतरी दिवस इंदूरवर चिडून होते. गैरहजर असूनही त्यांच्या शिव्या खाल्लेलं ते एकच गाव.

गेल्या रविवारी मात्र कामकाज अडलं. भाचा आलेला, भाईही गल्ला मुलाकडे देऊन टेबलाशी येऊन बसले. भाई म्हणाले, धुळ्याच्या वाटेवर ढाब्यावर शेवभाजी खाल्ली, काय झणझणीत, तोड नाही. भाचा म्हणाला, लोचो बांधून द्या, घरी नेतो, आई सारखी मागते. दोन्ही पक्ष हजर, दोन्ही एकमेकांवर खूश. आप्पांनी मिरची उचलली, परत ठेवली. भाईंकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. संभारो उगाच चमच्याने ढवळला.

मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "काही म्हणा, सकाळचा नाश्ता करावा तो इंदूरला. पोहे आणि जिलेबी. त्यापुढे हे सगळं..." आणि गाठियांवरून हात फिरवला.

"आप्पा," भाचा म्हणाला, "तुम्ही इंदूरला गेलात कधी?"

"भो, वकिलाने अशिलाच्या घरी जेवायला जायचं नसतं," आप्पा म्हणाले, आणि भाईंना आणखी पन्नास ग्रॅम तोलायला सांगितलं.