पिंजराप्रवेशाची नियमावली
(लहान कुत्रा आणि मोठी माणसं एकत्र राहणाऱ्या घरांसाठी)

कलम १. पिंजऱ्याचं माप कुत्र्यावरून घ्यावं, सासऱ्यांच्या दयेवरून नव्हे. आत उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, बस्स. "बिचाऱ्याला जरा ऐसपैस घ्या" म्हणून वन बीएचके आणलात, तर ते एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात शू करेल. झोपायच्या जागी कुत्रं सहसा घाण करत नाही, या एका गोष्टीवर हे सगळं शास्त्र उभं आहे.

कलम २. सुरुवातीला दार उघडंच ठेवावं. आत जुनी गोधडी घालावी, जेवणाची वाटीही आतच ठेवावी. ढकलू नये. त्याचं ते जातं.

कलम ३. शिक्षा म्हणून कधीही कोंडू नये.

कलम ४. दार लावलं की कुंईकुंई सुरू होईल. रडताना दार उघडलं, तर रडलं की दार उघडतं एवढंच ते शिकतं. गप्प होण्याची वाट पाहावी, मग उघडावं. एवढं सोपं आहे, पण आमच्याकडे नाना आहेत. "कुत्रं आलं तर मी गावी निघून जाईन" म्हणणारे नाना रात्री पाणी प्यायला उठतात. स्वयंपाकघर डावीकडे आहे. नाना उजवीकडे वळतात. सकाळी कुत्रं त्यांच्या पायथ्याशी. "कडी नीट लागली नसेल, सूनबाई." कड्या दोन आहेत हो!

पोटकलम: पिल्लाला कधी कधी खरंच लागलेली असते. ढोबळ हिशेब असा, की वयाच्या महिन्यांत एक मिळवावा, तितके तास ते फार तर धरून ठेवतं. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास. रात्री एकदा बाहेर न्यावं आणि परत आत ठेवावं. मोठा दिवा लावू नये, खेळू नये, त्याच्याशी गावच्या विहिरीबद्दल बोलत बसू नये.

कलम ५. गळपट्टा काढून ठेवावा, जाळीत अडकतो. उन्हाळ्यात पिंजरा चादरीने पुरता झाकू नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते गार होतं. त्याला वारा हवा.

कलम ६. आत गेल्याचं बक्षीस उकडलेल्या चिकनचा तुकडा. शाकाहारी घरात चिमूटभर पनीर. सत्यनारायणाचा शिरा नाही. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. "प्रसादाने कुणाला काही होत नाही" हा युक्तिवाद जनावरांचे डॉक्टर मानत नाहीत.

कलम ७. दिवाळीत फटाके सुरू झाले, की शिकलेलं कुत्रं आपणहून पिंजऱ्यात शिरतं. तेव्हा दार लावू नये, बाहेरही ओढू नये. जवळ कुणीतरी बसावं. नानांना खुर्ची टाकून द्यावी, आणि त्या रात्री कडीचा विषय काढू नये.