हयातीचा दाखला

निवृत्त माणूस नोव्हेंबरात आपल्या पायांनी बँकेत जातो, खिडकीसमोर उभा राहतो, खोकतो, चष्मा पुसतो. तरी आतून विचारणा होते, ‘हयातीचा दाखला?’ माणूस हयात आहे हे कारकुनाला दिसतंय. पण दिसलेलं फाइलला लावता येत नाही.

सर्व्हरवर बसणाऱ्या कंपनीछाप ऑपरेटिंग सिस्टिमांचं हार्डवेअरशी हेच नातं आहे. तुमचं कार्ड चालतंय का, असं तिथं कुणी विचारत नाही. ते यादीत आहे का, एवढंच विचारतात.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स घ्या. मे २०१९ मध्ये तिची आठवी आवृत्ती आली. त्याआधी कितीतरी सर्व्हरांत एलएसआयच्या सॅस-२००८ चिपची कार्डं डिस्का सांभाळत बसलेली होती. सातव्या आवृत्तीत मुकाट काम करत होती. आठवी टाकायला घेतली, की इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच नाही. चार डिस्कांचे दिवे समोर लुकलुकतायत आणि पडद्यावर शून्य.

ड्रायव्हर काढून टाकला म्हणावं, तर तसंही नाही. एमपीटी३सॅस नावाचा तो ड्रायव्हर जागच्या जागी आहे आणि त्याच घराण्यातली धाकटी कार्डं गुण्यागोविंदानं चालवतोय. मशीन सुरू होताना प्रत्येक कार्ड आपला नंबर सांगतं. या कार्डाचा नंबर, उत्पादक १००० आणि वस्तू ००७२. ड्रायव्हरकडे अशा नंबरांची एक यादी असते. त्या यादीतली ००७२ ची ओळ तेवढी खोडली. आमच्याकडे मतदानाच्या दिवशी हे दृश्य शाळेशाळेत दिसतं. माणूस तोच, पत्ता तोच, मागच्या वेळी शाई लावून घेतलेली, आणि यंदा नाव गायब. बायकोचं आहे, याचं नाही.

कंपनीची बाजू अगदीच लटकी नाही. एकेका आवृत्तीला ती दहा वर्षं सांभाळायचा शब्द देते. पंधरा वर्षं जुनं कार्ड त्यात घ्यायचं, तर चाचणीसाठी ते कपाटात ठेवावं लागतं, बिघडलं तर दुसरं मिळवावं लागतं आणि मूळ उत्पादकानं तर केव्हाच हात वर केलेले असतात. कबूल. पण ‘आम्ही हे तपासलेलं नाही’ असं सांगायची सोयही याच सिस्टिममध्ये आहे. या हार्डवेअरची चाचणी झालेली नाही, प्रमाणित यादी पाहावी, अशा अर्थाची ओळ ती सुरू होताना छापते आणि पुढे कामाला लागते. पाटी लावून जिना उघडा ठेवता येत असताना जिनाच काढून नेला, एवढीच तक्रार.

मग जिने बांधणारे निघाले. ईएलरेपो नावाचा स्वयंसेवकांचा गट खोडलेल्या नंबरांसकट ड्रायव्हर बांधून देतो. रेड हॅटच्याच कोडवर बांधलेल्या अल्मालिनक्स या सिस्टिमनं मे २०२४ मध्ये ९.४ आणि ८.१० या आवृत्त्यांत बरीच खोडलेली नावं परत लिहिली. कोड तोच, अल्मानं यादीवर पेन फिरवलं आणि मेलेली कार्डं उठून बसली.

डिस्क-कार्डाचं हे, तर प्रोसेसरचं त्याहून खमंग. नववी आवृत्ती, मे २०२२, हिला प्रोसेसर किमान ‘व्ही-२’ इयत्तेचा लागतो. दहावी, मे २०२५, हिला ‘व्ही-३’. ही दुसरी अट साधारण २०१३ च्या इंटेल हॅसवेलपासून पुरी होते. म्हणजे बारा वर्षांची मुदत, फार काही जाच नाही, असं वाटतं. पण ‘व्ही-३’साठी लागणारी एव्हीएक्स-२ ही सोय इंटेलनं स्वस्तातल्या पेंटियममधून वर्षानुवर्षं गाळलेली. २०२० साली आलेला पेंटियम गोल्ड जी-६४०० त्यामुळे दहावीला नापास, आणि त्याच्यापेक्षा सात वर्षांनी थोरला हॅसवेल झिऑन पास. जन्मतारीख बघून चालत नाही, शाळा बघावी लागते.

आणि नापास झाल्याचं कळतं कसं? ग्लिबसी नावाची पायाभूत लायब्ररी एका ओळीत सांगते की हा प्रोसेसर व्ही-अमुक नाही, आणि पहिलीच प्रक्रिया बंद पडते. ती पडली की सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हाय खाऊन जागीच बसतो. गंमत म्हणजे कोऱ्या करकरीत मशीनवरही हे होतं. व्हर्च्युअल मशीन चालवणारे लोक, ते मशीन एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज हलवता यावं म्हणून, आतल्या पाहुण्याला मुद्दाम जुनाट प्रोसेसर दाखवतात. बाहेर लाखो रुपयांचा नवा झिऑन, आत केव्हीएम-६४ नावाचं म्हातारं सोंग. नववी आवृत्ती सोंगालाच खरं मानते आणि दार लावून घेते. सेटिंगमध्ये ‘होस्ट’ निवडलं की पाच मिनिटांत सुटणारी गोष्ट. पण ती पाच मिनिटं सापडेपर्यंत माणसाची शनिवार-रविवारची सुट्टी गेलेली असते.

कागदाचा हा खेळ उलट्या दिशेनंही चालतो. सातव्या आवृत्तीचा कर्नल ३.१०. हा आकडा मुळात जून २०१३ चा. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं तो तसाच राहिला आणि नव्या दुरुस्त्या त्याच्यात मागून शिवत गेले. त्याला बॅकपोर्ट म्हणतात. बदल दिसतो तो आकड्यापुढच्या आडव्या रेघेनंतर. ७.० मध्ये तिथं १२३ होतं, ७.९ पर्यंत ११६० झालं. पाटीवर ‘सन १९१२’ लिहिलेला सदाशिव पेठेतला वाडा आणि आत लिफ्ट, तशातला प्रकार. पण ऑडिटर येतो, स्कॅनर लावतो, ३.१० वाचतो आणि लाल शाईनं लिहितो, ‘कर्नल कालबाह्य, त्वरित बदला.’ रेघेपुढचं वाचायला त्याच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो. जुन्या कार्डाला नंबर असून चालू देत नाहीत आणि नव्या कर्नलला नंबरामुळे जुना ठरवतात. चालणारी वस्तू दोन्हीकडे गुन्हेगार.

बीटीआरएफएसचं थोडक्यात सांगतो, कारण तेवढीच त्याची लायकी ठेवली. ही फाइल सिस्टिम सहाव्या आवृत्तीत ‘प्रिव्ह्यू’, सातव्यातही ‘प्रिव्ह्यू’, आणि आठव्यात गच्छंती. साखरपुडा नऊ वर्षं, लग्न नाही. सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीनं मात्र २०१४ सालीच तिला मुख्य घरात आणून बसवलं होतं.

यात एकट्या रेड हॅटला धरून चालणार नाही. २००९ साली आलेल्या विंडोज सर्व्हर २००८ आर-२ च्या स्टँडर्ड आवृत्तीत तुम्ही मशीनला ६४ जीबी मेमरी लावा, वापरली जायची ३२. एंटरप्राइझ आवृत्ती घेतली की त्याच मशीनला २ टीबीपर्यंत सगळं दिसू लागायचं. डोळ्यांचा दोष नव्हता, चष्म्याच्या बिलाचा होता. २०१२ च्या आवृत्तीत ती भिंत पाडली. २०१६ पासून प्रोसेसरचे कोअर मोजायला लागले, एका सर्व्हरला किमान १६. तुमच्या मशीनमध्ये आठच असले, तरी बिल सोळांचं. वधूपक्षाकडून आठ माणसं आली, तरी पानं सोळा.

ते ००७२ कार्ड राहिलंच. ते ज्यांच्याकडे आहे, त्यातले काही सातव्या आवृत्तीवरच थांबले. तिची मुदत ३० जून २०२४ ला संपली. पण वाढीव आयुष्याची वर्गणी मिळते. ती वेगळी भरायची, की मुदत संपलेल्या सिस्टिमवर, खोडलेल्या नंबराचं ते कार्ड त्याच चार डिस्का पूर्वीसारख्या फिरवत बसतं.