पालकांसाठी क्रॅश कोर्स

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची बॅच आहे, जेईईची आहे, बारक्या पोरांच्या फाउंडेशनचीही आहे. नांदेडही मागे नाही. तरी मराठवाड्यातल्या सगळ्यात अवघड परीक्षेचा क्लास अजून कुणी काढलेला नाही. वाचायला-लिहायला अडखळणारं, स्वमग्न किंवा कमी ऐकू येणारं लेकरू साध्या शाळेत टिकवायचं, ही ती परीक्षा. परीक्षार्थी पालक, पर्यवेक्षक मुख्याध्यापक. लातूर पॅटर्नमधली ही उणीव आम्ही भरून काढतोय. प्रवेश सुरू.

फाउंडेशन बॅच: इथे फक्त ऐकण्याचा सराव. ‘पोरगं हुशार आहे हो, लक्षच देत नाही’, ‘आमच्याकडे तशी सोय नाही’, ‘बाकीचे पालक कुरकुर करतात’ ही तीन वाक्यं डोळ्यांत पाणी न आणता ऐकलीत की तुम्ही पास. गेटवरच्या फ्लेक्सवरचा ‘शंभर टक्के निकाल’ कसा राखतात, तेही इथेच उमजेल.

रिपीटर बॅच: शाळा म्हणते, आधी प्रमाणपत्र आणा. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं, अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच. तोवर पोरानं पहिली-दुसरीत धीर धरावा. मग 14 व्या वर्षी पुन्हा तपासणी, 18 व्या वर्षी पुन्हा. बॅचचं नाव आम्हाला इथूनच सुचलं.

गणित: सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्रानं 2022 मध्ये प्रमाण ठरवलं. प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना 15 मागे एक. आता उदाहरण सोडवा: फिरते शिक्षक एक, शाळा अनेक, तर तुमच्या लेकराच्या वाट्याला आठवड्याला किती मिनिटं? उत्तर: ‘सर आज मीटिंगला गेलेत.’

पाठांतर: दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 16. सरकारी अनुदान किंवा मान्यता घेतलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा, गरजेप्रमाणे सोयी कराव्यात आणि मुलाची अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत. म्हणजे काम शाळेचं, चपला झिजतात आईच्या. कायदा पहिल्यांदा मोडला तर दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. नीटच्या क्लासचा एक हप्ताही याहून मोठा असतो.

बोर्डाचा पेपर: त्यातल्या त्यात सोपा. लातूर विभागीय मंडळाच्या तिन्ही जिल्ह्यांत, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवमध्ये, पात्र मुलांना दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. दहावीपर्यंत पोचायचं कसं, एवढाच भाग सिलॅबसच्या बाहेर ठेवलाय.

फी काही नाही. उलट हा क्लास लवकर बंद पडावा, अशीच आमची इच्छा आहे. तोवर एवढं करा. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा नाही म्हणाली, तर ते ‘नाही’सुद्धा लेखी मागा, कागद मागितला की नसलेली सोय कधीकधी अचानक सापडते. नाहीच सापडली, तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. ही परीक्षा शाळेची आहे, तिच्या जागी तुम्ही बसू नका.