पक्के मडके

ख्रिस्ती श्रद्धेत शिस्त आणि जिंकण्याची ईर्ष्या यांची गाठ मारली ती संत पौलाने. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तो करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. पोटासाठी तंबू शिवायचे आणि उरलेल्या वेळात उपदेश करायचा, हा त्याचा क्रम. शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. पुढे करिंथकरांना पत्र लिहिताना त्याने श्रद्धावंताला धावपटूच्या रांगेत उभे केले आणि बक्षीस मिळेल अशा बेताने धावायला सांगितले. शरीराला लगाम घालण्याची सूचनाही सोबत होतीच. या स्पर्धांतले बक्षीस म्हणजे पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीचा मुकुट. महिनोन्महिने पथ्य पाळायचे, तेल चोळून घाम गाळायचा आणि शेवटी डोक्यावर पालेभाजी मिरवायची! त्या मुकुटाला पौलाने नाशवंत म्हटले, यात अध्यात्म किती आणि निरीक्षण किती हे सांगणे अवघड आहे.

शरीराच्या लगामाचे कॅथलिक चर्चने पुढे रीतसर नियम केले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणून ओळखला जातो. पंचांगात मोजले तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार धरायचे नसतात. साप्ताहिक सुटी वगळून दिवस मोजण्याची ही पद्धत कचेऱ्यांच्या कितीतरी आधीची आहे. यात सक्तीचा उपवास फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना. एक पूर्ण जेवण चालते. शिवाय दोनदा थोडे खाता येते, मात्र त्या दोन थोड्यांची बेरीज एका पूर्ण जेवणाएवढी होता कामा नये. एकादशीला दुप्पट खाण्याची म्हण ज्या भाषेत तयार झाली, तिथे हा बेरजेचा नियम परका वाटत नाही. शंका एवढीच, की साबुदाण्याची खिचडी थोड्यात धरायची की पूर्णात. रोमने यावर खुलासा केलेला नाही.

धर्मगुरूंची शिस्त याहून कडक. सामान्य माणसाला रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, पुरतो; धर्मगुरूला दिवसाच्या ठरलेल्या प्रार्थना रोज म्हणाव्या लागतात. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुखाने पंचाहत्तरी गाठली की राजीनामा पुढे करावा, असेही चर्चच्या कायद्यात आहे. मराठी साहित्याचा कायदा नेमका उलट चालतो. तिथे पंचाहत्तरीच्या आसपास माणसाचा अर्ज विचारात घ्यायला सुरुवात होते.

हे दोन्ही कायदे एकाच माणसाला लागू पडले ते धाराशिवात. गाव तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद होते. सरकारने २०२३ साली नाव बदलले. लोकांच्या बोलण्यात धाराशिव आधीपासूनच होते. १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत तिथे ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांची तयारी मात्र जुनी होती. १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवले. दर महिन्याला लेखकांकडून वेळेवर मजकूर काढून घेणे ही तपश्चर्या चाळीस दिवसांत आटोपत नाही. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर पुस्तके आहेत, त्यामुळे या कामाला चिकाटीचा पुरस्कारही वेगळा द्यायला हरकत नव्हती. मधल्या काळात हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी वसईची जमीन आणि पाणी गिळू पाहणाऱ्यांशी झुंजही घेतली. त्या स्पर्धेत मुकुट नव्हताच, धमक्या होत्या.

अध्यक्षपदाच्या शर्यतीत मात्र पौलाचा सल्ला निरुपयोगी ठरला, कारण शर्यतच बंद झाली होती. पूर्वी अध्यक्षपदासाठी निवडणूक होई. मतपत्रिका, गाठीभेटी, फोन, गटतट, आणि निकालानंतर पराभूतांनी निवडणूक पद्धतीवर लिहिलेले लेख, असा सगळा सरंजाम असे. २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून संमेलन भरवणारे साहित्य महामंडळ एकमताने नाव ठरवू लागले. तेव्हा दिब्रिटो न धावताच जिंकले, आणि धावायचे काम नंतर सुरू झाले. धर्मगुरू अध्यक्ष कसा, अशी हरकत निघाली. उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला जाऊ नका, असे सांगण्यात आले. ते गेले.

संमेलनाच्या मांडवाला नाव दिले होते संत गोरोबाकाकांचे, आणि ते चपखल होते. गोरोबा याच जिल्ह्यातल्या तेरचे कुंभार. त्यांची कथा प्रसिद्ध आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे दाखवून ते कशासाठी असते म्हणून विचारले. मडके कच्चे की भाजलेले ते पाहायला, असे कळल्यावर सगळ्यांची परीक्षा घेण्याचे ठरले. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. (थापटल्यावर चिडणे हे कच्चेपणाचे लक्षण धरले, तर साहित्य व्यवहारात भट्टी कायमची पेटती ठेवावी लागेल.) दिब्रिटोंवर थापटण्याचे काम संमेलनाआधीच सुरू झाले होते. पंचाहत्तरी ओलांडलेले फादर पाठीचे दुखणे घेऊन वसईहून आले, त्यांनी बोलायचे ते मराठीत बोलून टाकले आणि माघार घेतली नाही. गोरोबाकाकांच्या कसोटीत हे मडके पक्के निघाले असते.

संमेलनाध्यक्षाच्या मुकुटाची मुदत सहसा वर्षभराची असते. त्या अवधीत गावोगावची उद्घाटने, सत्कार, शाली आणि न वाचलेल्या पुस्तकांना प्रस्तावना देण्याची विनंती हा सगळा मार सोसावा लागतो. दिब्रिटोंच्या बाबतीत अडीच महिन्यांच्या आत कोरोनाची टाळेबंदी लागली आणि शालींचा ओघ थांबला. पुढचे संमेलन नाशिकला भरले ते थेट ३ डिसेंबर २०२१ रोजी. तोवर जवळपास तेवीस महिने अध्यक्षपद त्यांच्याकडेच राहिले, आणि त्यातला बराचसा काळ कोणालाही त्यांना कार्यक्रमाला बोलावता आले नाही.