अथ बॅगभरणमीमांसा

अमेरिकेस एम.एस. करायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या तयारीतील जीआरई, आय-ट्वेंटी, एज्युकेशन लोन आणि व्हिसाची मुलाखत हे किरकोळ विषय क्लासवाल्यांनी चघळून चोथा केले आहेत. बॅग भरणे या मूळ शास्त्राकडे मात्र विद्वानांनी पाठ फिरवली.

लक्षण: विमान कंपनी जिला बहुधा 23 किलोंची मुभा देते आणि घरी जी 27 किलोंची भरते, ती बॅग. डोंबिवलीपासून कोल्हापूरपर्यंत या लक्षणास अव्याप्तीचा दोष लागत नाही.

हे वरचे चार किलो येतात कुठून? पूर्वपक्ष कुकरकडे बोट दाखवतो. परंतु कुकरच्या पोटात मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दोन जादा रिंगा बसत असल्याने कुकर हे सामान नसून जागा आहे, असा आईचा सिद्धान्त आहे व तो खोडण्याची प्राज्ञा घरात कोणाची नाही. खरा भार आदल्या रात्री भेटायला येणाऱ्यांचा. रिकाम्या हाताने कोणी येत नाही, आणि आलेला लाडू परत न्यावा अशी रीत नाही. मग जागा करण्यासाठी प्रथम बाहेर पडतात ती पुस्तके. ज्याच्या नावाचे तिकीट, त्याचे मत या टप्प्यावर कोणी विचारत नाही.

खोबऱ्याचा प्रश्न स्वतंत्र ग्रंथाचा आहे. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या नियमांत सुके खोबरे आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत, वर्ग 4.2 मध्ये, मोडते. त्याचा यूएन क्रमांक 1363. दोनच घरे अलीकडे, 1361 वर, वनस्पतिजन्य कोळसा राहतो. कारण खोबऱ्यातले तेल: ढीग रचला की ते हवेशी संयोग पावून आतल्या आत तापत जाते. तेव्हा वाट्या बाद. पण लसणीच्या चटणीत किसून गेलेल्या खोबऱ्याचे काय? आजीच्या मते ते भाजताना एकदा तापून झाले आहे, पुन्हा कशाला तापेल? रसायनशास्त्राने याचा प्रतिवाद करावा. घरात कोणी केला नाही.

वजनाची पद्धत: बाबांनी बॅग उचलून काट्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून बाबा वजा करायचे. बाबा किती किलोंचे यावर मतभेद असल्याने निष्कर्ष लवचीक राहतो.

तरीही उरलेल्या भारावर एकच शास्त्रोक्त तोड आहे. अंगावरचे कपडे काउंटरवर तोलत नाहीत. म्हणून मुंबईच्या ऑगस्टमध्ये, घामाच्या धारांत, उणे वीस अंशांसाठी शिवलेले जाकीट घालून उभा असलेला तरुण दिसल्यास त्याला आजारी समजू नये. त्याच्या डाव्या खिशात कुकरची शिट्टी आहे, उजव्यात चकल्या.