उघडून तं पाहू!

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय पुरं होत नाही. नुसतं कारंजा म्हटलं की समोरचा विचारणारच, कोणतं? एक लाडांचं, वाशिम जिल्ह्यात. एक समुद्राकाठी, उरणजवळ. आणि आमचं नागपूर-अमरावती रस्त्यावरचं, वर्धा जिल्ह्यातलं, कारंजा (घाडगे). मिस्त्री या कंसाला गावाचा वॉशर म्हणतात. "थो निसटला का टपाल गळते, गुरुजी."

मिस्त्रींचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावाला मिस्त्री एवढंच पुरतं. दुकान टिनाचं. दारात संत्र्याच्या बागांमधले फवारणी पंप रांगेत बसलेले, आत एक पेट्रोमॅक्स आणि रॉकेलवाचून पोरके झालेले सात-आठ स्टोव्ह. कोणतीही वस्तू पुढ्यात आली की मिस्त्री म्हणणार, "उघडून तं पाहू!" त्यासाठी ती बिघडलेली असायला हवी अशी अट नाही. मिस्त्रीणबाईंसाठी आणलेलं बीपीचं यंत्र त्यांनी पहिल्याच संध्याकाळी उघडलं. तेव्हापासून ते नवराबायकोचं प्रेशर एकच दाखवतं. मिस्त्री म्हणतात, "संसार असाच पाह्यजे."

तर या माणसाचा भाचा मालवणला नोकरीला लागला. तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली फिरवून आणतो. दिवाळीला आला तेव्हा पिशवीत एक जुना स्कूबा रेग्युलेटर होता. तक्रार एकच, तोंडाकडून सारखी फुसफुस. आमच्या गावाहून कोणत्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र भेटत नाही. पण मिस्त्रींचा हात पान्याकडे गेलाच होता. "उघडून तं पाहू!"

भाच्याने आधी समजावून सांगितलं. पाठीवरच्या टाकीत हवा 200 बार दाबाने कोंबलेली असते. टाकीवरचा डबा तो दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा 10 बार जास्त, इतका खाली आणतो. तोंडातल्या डब्यात रबरी पडदा असतो. श्वास ओढला की पडदा आत ओढला जातो, लिव्हर दाबतो आणि लागेल तेवढीच हवा येते.

"समजलं," मिस्त्री म्हणाले. "पंगतीतला वाढपी. मांगतली का वाढाची, नाई तं नाई."

मग इतिहास निघाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासं झालं. एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने मोटारी गॅसवर चालवायला एक रेग्युलेटर बनवला होता. जॅक कुस्तो नावाचा पाणबुड्या त्याला भेटला आणि 1943 साली दोघांनी मिळून तीच करामत पाण्याखाली नेली. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे तुमच्या समुद्राचं काई नोय हे. मोटारीचं होय. आपल्याच लाइनीतलं!"

जेवणाच्या ताटात ओलं फडकं अंथरून एकेक भाग निघाला त्या क्रमाने मांडला गेला: स्प्रिंगा, पडदा, खसखशीपासून बांगडीपर्यंत सगळ्या मापांच्या रिंगा. पितळेवर हिरवा कळंक चढला होता. मिस्त्रीणबाई चिंच घेऊन आल्या. भाचा म्हणाला, मामी, पाणी घातलेलं व्हिनेगर चालतं, घासायचं मात्र नाही. कडेला पांढरं काहीतरी साचलं होतं. मिस्त्रींनी ते बोटाने टिपून जिभेला लावलं. पंढरपूरच्या पलीकडे न गेलेला हा माणूस क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "लय खारा हाय बाप्पा, समुद्र!"

घड्याळजीकडून आणलेलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी खोट धरली. फुसफुस तोंडाच्या डब्यात, पण दुखणं टाकीवरच्या डब्यात. तिथल्या झडपेच्या प्लास्टिकच्या गादीवर वर्षानुवर्षांच्या दाबाने गोल चर पडला होता. झडप पुरती बसत नाही, हवा झिरपत राहते, मधल्या नळीतला दाब चढत जातो आणि वाढपी बिचारा न मागता वाढत सुटतो. "दुखनं रेड्याले अन् डाग पखालीले!" मिस्त्रींनी निकाल दिला.

नवी गादी आणि रिंगा मागवल्या. भाच्याने पत्त्यात कंस घातला नाही. पार्सल कारंजा (लाड) गाठून, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावचं पुण्य पदरात पाडून, आठ दिवसांनी आमच्याकडे आलं. ते आठ दिवस ताटाला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती; मिस्त्री परातीत जेवले. पुढे भाच्याने फोनवर सांगितलं की रिंगांना सिलिकॉनचंच ग्रीस हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. चाळीस वर्षं ज्या डब्याने कारंजा तालुका सुरळीत ठेवला, त्याचा हा अपमान मिस्त्रींनी गिळला आणि सिलिकॉनची ट्यूब मागवली. या वेळी कंसासकट.

जोडणी झाली. टाकी नव्हतीच. मिस्त्रींनी तोंडाच्या डब्याची नळी अंगठ्याने बंद केली आणि श्वास ओढला. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, हवा काही आली नाही. झडपा घट्ट होत्या. मी टाळी वाजवली.

एरवी वस्तू परत देताना मिस्त्री ती गिऱ्हाइकाकडे जवळजवळ फेकतात. "ने. मी मेल्यावर बिघडन." या वेळी त्यांनी रेग्युलेटर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि वर चिठ्ठी बांधली: "200 बारच्या टाकीवर गेज लावून, तुह्या जानकार मानसाकून तपासल्याबिगर पान्यात उतराचं नाई. मामा."

"कामावर भरवसा नाही का?" मी विचारलं.

"पंप अडला तं फवारा उद्या मारता येते, गुरुजी. हा अडला तं उद्या कुठून आनाचा?"

मग ते खोक्यावर पत्ता लिहायला बसले. मालवण एका दमात लिहिलं. पाठवणाऱ्याच्या जागी कारंजा लिहून थांबले, कंस काढला, आत घाडगे लिहिलं, आणि कंसाची दोन्ही टोकं पुन्हा एकदा पेनाने गच्च गिरवली.